त्या जेलच्या इंजेक्शनबद्दल

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, मज्जारज्जूला इजा झालेले उंदीर जेलच्या इंजेक्शनने पुन्हा चालतात, हा तुम्ही पाठवलेला व्हिडिओ खोटा नाही. २०२१ साली अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात सॅम्युअल स्टुप यांच्या चमूने तो प्रयोग केला. सुईतून पातळ द्रव सोडला, आत त्याचं बारीक धाग्यांचं जेल झालं आणि चार आठवड्यांत उंदीर चालले. पण इंजेक्शन दिलं होतं दुखापतीनंतर एका दिवसात. काकूंचा सुन्या आंब्याच्या कलमावरून पडून मज्जारज्जू दुखावला त्याला दोन वर्षं झाली.

एवढ्या काळात मज्जारज्जूचा मेलेला भाग झिजून तिथे पाण्याची पोकळी होते. काठाला व्रणाची भिंत धरते, आणि तिच्यातल्या काही प्रथिनांना टेकलं की चेतातंतूचं टोक थबकतं. म्हणून तंतूंना पलीकडे जाता यावं असा जेलचा किंवा तसल्या पदार्थाचा पूल पोकळीवर बांधायचा.

आई, तुझ्या चायना ग्रासमधून निघणारं ॲगरोजसुद्धा त्यासाठी वापरून झालंय. मात्र मज्जारज्जू तुझ्या वडीपेक्षा कितीतरी मऊ. जेल घट्ट झालं तर शेजारच्या जिवंत भागाला काचतं. पाणी पिऊन फुगलं तर मणक्याच्या नळीत जागाच नसते, रज्जू दाबला जातो. जखमेच्या विरघळणाऱ्या टाक्यांचं प्लास्टिक, पीएलजीए, घ्यावं, तर ते विरघळताना आम्ल सोडतं. शिवाय नुसत्या जेलमध्ये तंतू भरकटतात, त्यांना सरळ बोगदे लागतात. अमेरिकेतल्या सान डिएगोत २०१९ साली उंदरांसाठी अशा पुलाचा दोन मिलिमीटरचा तुकडा १.६ सेकंदांत छापला, त्यात २०० मायक्रॉनचे, म्हणजे दोन-तीन केसांच्या जाडीचे बोगदे होते.

खरी अडचण पलीकडच्या टोकाला. बोगद्यात वाढीची द्रव्यं भरपूर, बाहेर व्रण. शिरलेले तंतू माहेरी आलेल्या लेकीसारखे निघायचं नावच घेत नाहीत!

माणसांत पीएलजीएचा सांगाडा, म्हणजे असाच पूल, २०१४ पासून बसवून पाहिला, तोही ताज्या दुखापतीत. २०२३ च्या निकालात ठरवलेलं उद्दिष्ट गाठलं गेलं नाही.

सुन्याच्या पायाच्या बोटांना थोडं कळतं म्हणालात, म्हणजे काही तंतू शाबूत आहेत. आज सांगाडा बसवायचा तर व्रण कापताना तेच जायची भीती. तेव्हा जेलच्या नावाखाली कुणी लाखभर मागितले, तर काकूंना म्हणावं, बाग गहाण टाकू नका. त्यापेक्षा दर दोन तासांनी त्याची कूस बदला, रात्रीसुद्धा. रोज माकडहाड आणि टाचा बघा. लाल डागावर बोट दाबून लाली गेली नाही, तर त्या बाजूवर भार अजिबात नको, आणि डॉक्टरांना दाखवा.

तुमची,
बेबी