गिझरचा काटा कुठे ठेवू?

प्रिय मित्रा,

पत्र मिळालं. पंधरा दिवसांत लेक तान्ह्या बाळाला घेऊन राहायला येते आहे, काकू घरात आहेतच, आणि तू विचारतोस, "गिझरचा काटा कुठे ठेवू?" दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर पन्नास सांगून मोकळा झालो असतो. तुला तसं सांगवत नाही, कारण आमच्याकडे जे घडलं ते तुला अर्धवटच ठाऊक आहे.

बाबांचा पाय भाजला एवढंच तुला तेव्हा कळवलं होतं. कसा भाजला ते लिहायची लाज वाटली. पाणी सगळ्यांना पुरावं म्हणून काटा मीच टोकापर्यंत फिरवून ठेवला होता. बाबा टबात पाय सोडून शेकत बसले. मधुमेहाने त्यांच्या तळपायांची जाणीव गेलेली. आधी हात घालून पाहिला असता तर चटका कळला असता. त्यांनी सरळ पायच घातले आणि निवांत वाचत बसले. फोड दिसले तेव्हा त्यांनीच मला विचारलं, "हे कशाने झालं रे?" जखम भरायला अडीच महिने लागले. त्या काळात मी गिझरबद्दल जेवढं वाचलं, तेवढं कुठल्या परीक्षेसाठीही वाचलं नव्हतं.

पाण्याने भाजायला ते उकळतं असावं लागतं, असं मला वाटायचं. तसं मुळीच नाही. 70 अंश सेल्सिअसला एक सेकंद पुरतो. 60 ला सुमारे पाच सेकंद, 55 ला अर्धं मिनिट, 50 ला पाचेक मिनिटं. हे सगळं धडधाकट मोठ्या माणसाच्या कातडीचं. बाळाची कातडी पातळ, त्याला याहून कमी वेळ लागतो, आणि ते पाण्यातून उठून बाजूलाही होऊ शकत नाही. काकूंना पाय मागे घ्यायला किती वेळ लागेल, ते तूच बघ.

हे वाचून तू आत्ता उठून काटा चाळीसवर नेशील. मीही नेला होता. पण ते दुसऱ्या बाजूने चुकतं. 1976 साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला माजी सैनिकांच्या संमेलनानंतर न्यूमोनियाची साथ आली आणि त्यातून लीजिओनेला नावाचा जंतू सापडला. हा पाण्यात राहतो आणि 20 ते 45 अंशांत वाढतो. टाकीच्या तळाशी साचलेले क्षार आणि वर कोमट पाणी, एवढं मिळालं की त्याचं घर झालं. ते पाणी प्यायल्याने सहसा काही होत नाही. शॉवरचे बारीक तुषार श्वासातून फुप्फुसात गेले तर होतं, आणि तेही जास्त करून वयस्कांना. 60 ला तो टिकत नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटना टाकीत 60 ठेवायला सांगते, आणि भाजण्याच्या भीतीने अमेरिकेत घरगुती हीटरसाठी 49 सांगतात. दोघांचंही बरोबर आहे, हीच तर पंचाईत.

यातून सुटायचं तर टाकीत एक तापमान आणि नळाला दुसरं, असं करायला हवं. थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवून घे. आतलं मेण गरम-गार होऊन फुगतं-आकसतं आणि त्यावर तो गरम पाण्यात विसण घालतो. गार पाणी अचानक बंद पडलं तर चांगला व्हॉल्व्ह गरमही तोडतो. टाकीत 60, बाथरूमला 43 च्या आसपास. प्लंबर म्हणेल, साधा मिक्सर आहे की, हे कशाला? त्याचं ऐकू नकोस. साधा मिक्सर हाताने फिरवावा लागतो, आणि बाबांनी कुठे काय फिरवलं होतं?

बाळ येईपर्यंत व्हॉल्व्ह बसला नाही तर 50 वर ठेव. आंघोळीच्या वेळी कुणीतरी हजर राहायचं आणि बादलीत आधी गार पाणी, मग गरम. बाळासाठी 37 पुरे. तळहातापेक्षा कोपराने बघ, हात सरावलेले असतात.

आता काट्याबद्दल. त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. आमच्याकडे काटा पन्नासवर होता तेव्हा नळाला 58 येत होतं. कित्येक गिझरवर तर आकडेच नसतात. पाणी पूर्ण तापून दिवा विझला की गिझरजवळचा गरम नळ मिनिटभर वाहू दे, मग धारेखाली कप धरून त्यात स्वयंपाकाचा थर्मामीटर बुडव. (तापाचा नको. तो 42 ला संपतो. कुणी हा प्रयोग केला ते विचारू नकोस.) काटा हलवलास की पाणी पुन्हा पूर्ण तापू दे आणि पुन्हा मोज. मी पहिल्यांदा दहा मिनिटांतच मोजून खूश झालो होतो. काटा झाकणाच्या आत असेल तर नुसतं बटण बंद करून भागत नाही, मेन स्विच पाड, नाहीतर इलेक्ट्रिशियनला बोलाव. आणि तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडले तर त्याला बूच मारू नकोस. तापलेलं पाणी फुगतं, त्याला बाहेर पडायला वाट हवी असते.

एवढं करूनही कुणाला चटका बसलाच तर वीस मिनिटं गार वाहतं पाणी. बर्फ नाही, टूथपेस्ट तर नाहीच. बाबांना मी आधी तीच लावली होती.

थर्मामीटर तुझ्याकडे नसणार, म्हणून माझा या पत्रासोबतच पाठवतो आहे. बाळ यायच्या आत नळाचं पाणी मोजून आकडा कळव. काट्यावरचा नको, कपातला.

काकूंना नमस्कार.

तुझाच