जुनी गिट्टी आणि पोकळ भिंत

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला फोटो मोठा करून बघितला. खिडकीशेजारच्या भिंतीत आधीच्या भाडेकरूने सोडलेल्या पाच गिट्ट्या, म्हणजे स्क्रू धरून ठेवायला भोकात बसवतात त्या, त्यातल्या दोन तिरक्या, एकीभोवती रंगासकट कागद फुगलेला. टेबलावर तुझी डबी, तिच्यात जुन्या खोलीतून उपटून आणलेल्या सात-आठ गिट्ट्या. "आई, यातल्या कुठल्या चालतील?" असं तू विचारलंस आणि मी हात कामात असताना "बघ, घट्ट बसली तर चालेल" म्हणून मोकळी झाले. रात्री आडवी झाल्यावर आठवलं की घट्ट बसणं म्हणजे काय, हे तर मी सांगितलंच नाही. म्हणून हे पत्र. लांबेल जरा, पण ड्रिल हातात घ्यायच्या आधी वाच.

आधी भिंत वाजवून बघ. बोटाच्या पेराने टकटक केलं की विटेची भिंत गप्प राहते, उलट तुझंच बोट दुखतं. तुझी ही भिंत डब्यासारखी वाजेल, कारण ती जिप्सम बोर्डाची आहे. दोन कागदांच्या मध्ये दाबून बसवलेलं जिप्सम, जाडी बहुतेक वेळा 12.5 मिलिमीटर, आणि त्याच्यामागे पोकळी. जिप्सम इतकं मऊ असतं की नखाने ओरखडा उठतो. बोर्डाला खरा ताठपणा येतो तो दोन्ही बाजूंच्या कागदामुळे. म्हणून कागद फुगलेली ती गिट्टी पाहिली आणि मी तिथेच तिच्यावर फुली मारली. कागद सुटला की आत उरतो तो खडू.

आता गिट्टी. ही वस्तू मुळात भरीव भिंतीसाठीच जन्माला आली. पूर्वी भिंतीत छिन्नीने खाच पाडायची, तीत लाकडाचा तुकडा ठोकायचा आणि मग त्या लाकडात स्क्रू घ्यायचा, असा उद्योग असे. 1911च्या सुमारास जॉन जोसेफ रॉलिंग्ज नावाच्या इंग्रज ठेकेदाराला ब्रिटिश म्युझियममध्ये भिंतींची नासधूस न करता विजेचं सामान बसवायचं होतं. त्याने तागाचे धागे चिकटवून छोटी नळी केली. तिचं रॉलप्लग हे नाव त्याच्यावरूनच आलं. पुढे 1958 साली जर्मनीत आर्टुर फिशरने ती नायलॉनची केली. तुझ्या डबीतल्या करड्या गिट्ट्या त्याच घराण्यातल्या. कल्पना दोघांची एकच: स्क्रू आत शिरला की गिट्टी फाकते, भोकाच्या भिंतीला रेटते, आणि वीट तिला उलट रेटते. त्या दोघांच्या रेटारेटीवर तुझं घड्याळ लटकतं.

पण रेटायला समोर कोणी हवं ना! 35 मिलिमीटरची गिट्टी 12.5च्या बोर्डात घातलीस तर जवळजवळ दोन तृतीयांश गिट्टी हवेत लोंबते. तिचे पाय फाकतात ते पोकळीत, कशालाही न टेकता. धरून ठेवतो तो फक्त सुरुवातीचा बोर्डाइतका भाग, आणि तोही मऊ जिप्सममध्ये. नवी असताना ती घट्ट वाटते हे खरं. तुझं चित्र लावून झाल्यावर तू मागे सरून बघशीलही समाधानाने.

मीही बघितलं होतं. तू तेव्हा लहान होतास, तुला आठवत नसेल. दाराजवळ पाच खुंट्यांची लाकडी पट्टी लावली होती मी, अशाच पोकळ भिंतीवर. जुन्या फळीच्या गिट्ट्या काढून ठेवलेल्या होत्या, त्याच घातल्या. दोन सैल झाल्या तेव्हा काड्यापेटीतल्या काड्या मोडून शेजारी खुपसल्या आणि वरून हातोडीने दोन टोले. आपल्या हुशारीवर मीच खूश! आठ-दहा दिवस टिकलं. मग एका पावसाळी संध्याकाळी तिघांचे ओले रेनकोट, तुझं दप्तर आणि एक छत्री एकाच वेळी त्यावर चढली. मी आतल्या खोलीत होते. धाडकन आवाज नाही झाला, आधी भुरभुर असा आवाज आला, वाळू सांडावी तसा, आणि मग पट्टी खाली आली. गिट्ट्या स्क्रूंना तशाच चिकटलेल्या होत्या, दाढ मुळासकट उपटून यावी तशा, आणि काड्यांचे तुकडे पांढऱ्या भुग्यात लोळत होते. भिंतीत तळहाताएवढा खड्डा, कडेने कागद लोंबतोय. त्या खड्ड्यात बोट घालून मी पहिल्यांदा ती पोकळी चाचपली आणि मग मला कळलं की मी इतके दिवस हवेत खिळा मारत होते.

तेव्हा पुन्हा वापरायचं म्हणजे काय, ते नीट वेगळं कर. भिंतीत बसलेली गिट्टी तिथेच ठेवून तिच्यात दुसरा स्क्रू घालणं हे एक. गिट्टी उपटून दुसऱ्या भोकात घालणं हे अगदीच दुसरं. गिट्टीची घट्टाई तिच्या अंगात नसते, ती आणि तिचं भोक यांच्यात असते. एकमेकांना सोडलं की दोघांचंही मोल उतरतं.

तुझ्या डबीतल्या साध्या करड्या गिट्ट्या सरळ टाकून दे. त्या एकदा फाकल्यात, पाय वाकडे झालेत, एकीला तर उभी चीर गेलेली दिसतेय. विटेच्या भिंतीत राहिल्या असत्या तर त्याच भोकात, त्याच जाडीचा स्क्रू घालून पुन्हा चालल्या असत्या. उपटलेल्या नाहीत चालत. डबीत जाड, रुंद आट्यांच्या दोन आहेत, गोगलगाईच्या शंखासारख्या. त्या मुद्दाम जिप्सम बोर्डासाठीच असतात, स्क्रूसारख्याच पिळत आत जातात. त्यांचं टोक शाबूत असेल आणि आटे झिजलेले नसतील तर एकदा दुसरीकडे वापरायला माझी हरकत नाही. पण नव्या जागी. जुन्या भोकातले आटे आधीच कोरले गेलेत, तिथे ती नुसती गरगरेल. जुन्या भोकापासून चार बोटं सोडून घाल. हाताच्या स्क्रू ड्रायव्हरने घाल, मशीनने नको. मशीनला कुठे थांबायचं ते कळत नाही. कॉलर, म्हणजे गिट्टीच्या तोंडाची रुंद कड, भिंतीला टेकली की थांब. त्यापुढचा अर्धा फेरासुद्धा जिप्समचा भुगा करतो.

आता भिंतीत आहेत त्या पाच. फुगलेली बाद झाली, उरल्या चार. प्रत्येकीत स्क्रू घालून बघ. बोटांनीच सुळकन शेवटपर्यंत गेला तर ती गेली. स्क्रूबरोबर गिट्टीही फिरायला लागली तर तीही गेली. सुरुवातीचे एक-दोन फेरे सोडले की स्क्रूने अडून बसायला हवं, स्क्रू ड्रायव्हरला मनगटाचा जोर लागायला हवा. मग स्क्रू अर्धा बाहेर ठेवून पक्कडीने सरळ, हळू ओढ. झटका देऊ नकोस. कॉलर भिंतीपासून केसभर जरी उठली तरी तिच्यावर काही टांगायचं नाही. सैल गिट्टीत जाडा स्क्रू घालून ती घट्ट करायचा मोह होईल. विटेत ती युक्ती कधीकधी चालते. बोर्डात जाडा स्क्रू भोकाच्या कडाच फोडतो.

फोटोत डावीकडे वरची एक चमकतेय, धातूची दिसते. तशी असेल तर ती तुझी लॉटरी! त्या प्रकारात स्क्रू पिळला की मागचे पत्र्याचे पाय छत्रीसारखे दुमडून बोर्डाच्या पाठीला टेकतात, म्हणजे वजन मऊ जिप्समच्या आत नाही, त्याच्या पाठीवर पडतं. स्क्रू कितीदाही काढ-घाल करता येतो, पाय तिथेच राहतात. फक्त तिच्या आत बारीक आटे असतात, नटासारखे, साधारण 4 किंवा 5 मिलिमीटरच्या बोल्टचे. तिच्यात लाकडाचा टोकदार स्क्रू घुसवलास तर आटे जातील आणि चांगली गिट्टी फुकट जाईल. ती मात्र उपटून दुसरीकडे नेता येत नाही, तो नाद करू नकोस. नको असेल तर कॉलरवर हलका टोला देऊन तिला पृष्ठभागाच्या किंचित आत बसव आणि वरून पुट्टी भर. ओढून काढायला गेलास की बशीएवढा खड्डा पडतो.

स्प्रिंगच्या दोन पंखांचा बोल्टही मिळतो. पंख मिटून आत घालायचे, आत गेले की ते उघडतात. धरतो जबरदस्त. पण बोल्ट पूर्ण काढलास की पंख पोकळीत पडले, टप्प असा आवाज ऐकायचा आणि हात जोडायचे. पडद्याचा दांडा धुण्याच्या दिवशी काढावा लागणार असेल तर तिथे हा प्रकार नको. मात्र त्याला मोठं भोक लागतं, आणि भिंतीत आट्याच्या गिट्टीने पाडलेलं मोठं भोक असेल तर ते आयतं मिळतं. कागद धड असेल तर भोक तेवढं पुन्हा वापर, गिट्टी नको.

आता पुस्तकांच्या फळीचं. इथे मी जरा हट्टाने बोलणार आहे. आपल्या घरची पुस्तकं मी काल वजनकाट्यावर ठेवून बघितली, फूटभर ओळ सात किलो भरली. तुझी फळी तीन फूट, म्हणजे एकवीस किलो, लाकूड वेगळं. तू म्हणशील, पाकिटावर याहून जास्त आकडा लिहिलाय. तो आकडा कुठल्या जाडीच्या बोर्डासाठी आणि कुठल्या दिशेच्या वजनासाठी ते बघ. बऱ्याचदा तो गिट्टी निसटते तिथला असतो. मी तर चौथा हिस्साच धरते. शिवाय फळी भिंतीला नुसती खाली ओढत नाही, वरचा स्क्रू बाहेर खेचते. फळी 24 सेंटिमीटर खोल असेल तर वजन साधारण मधोमध, भिंतीपासून 12वर. ब्रॅकेटचा वरचा स्क्रू ते खालचं टोक अंतर 12 असेल तर वरच्या स्क्रूंवर बाहेरची ओढ मिळून तेवढीच, एकवीस किलो. ब्रॅकेट छोटा, 6चा असेल तर बेचाळीस. वजन तेच, फक्त तरफ बदलली. त्यात तू वरचं पुस्तक काढताना फळीला हात टेकवणार, ते मला माहीत आहे.

म्हणून फळी बोर्डावर नको, बोर्डामागच्या सांगाड्यावर घे. सांगाडा शोधायला यंत्र लागत नाही. फ्रिजवरचं लोहचुंबक काढ आणि भिंतीवरून हळूहळू आडवं सरकव. बोर्ड ज्या स्क्रूंनी ठोकलाय त्यांच्या डोक्यांपाशी ते चिकटू बघेल. तिथे पेन्सिलीने खूण कर, मग वर-खाली सरकव. खुणा एका उभ्या रेषेत आल्या की आत उभं लाकूड किंवा पत्र्याचा चॅनेल आहे. पुढची रेषा बहुधा 40 किंवा 60 सेंटिमीटरवर सापडते. लाकूड असेल तर गिट्टीच नको, बोर्डाची जाडी सोडून निदान 30 मिलिमीटर लाकडात जाईल असा स्क्रू घे. पत्रा असेल तर पत्र्याचे बारीक आट्यांचे स्क्रू घे. पत्रा पातळ असतो, तेव्हा ब्रॅकेट एकाऐवजी दोन रेषांवर घे. तेही जमत नसेल तर फळी जमिनीवर उभी राहणारी घे, पुस्तकांना फरक पडत नाही.

भोक पाडताना ड्रिलचं ठोकणं बंद ठेव, नुसतं फिरू दे. बिटला टोकापासून 15 मिलिमीटरवर चिकटपट्टी गुंडाळ, म्हणजे आत फार शिरणार नाही. बटणाच्या आणि सॉकेटच्या सरळ वर किंवा खाली अजिबात भोक नको, वायरी बहुधा तिथूनच उभ्या गेलेल्या असतात. हे वाचून मान डोलावून विसरू नकोस.

बाद झालेल्या भोकांचं काम सोपं. वर आलेला कागद ब्लेडने गोल कापून टाक, ओढून काढू नकोस. ब्लेडच्या मुठीने कडा किंचित आत दाब, पुट्टी भर, वाळू दे. वाळली की ती बसते, मध्ये खळगा पडतो, म्हणून दुसरा हात. मग पॉलिश पेपर हलकाच फिरव. घर सोडताना हेच करायचंय, तेव्हा पुट्टीचा डबा घट्ट बंद कर.

तुझ्या आजीच्या फोटोला काय, एक आट्याची गिट्टी पुरे. आरशाचं मात्र वजन करून कळव. तू हातात आरसा घेऊन काट्यावर उभा राहा, मग आरशाशिवाय उभा राहा, आणि वजाबाकी कर. ब्रॅकेटचा फोटोही पाठव, शेजारी मोजपट्टी धरून. आणि डावीकडच्या वरच्या गिट्टीत टॉर्च मारून आतले आटे बारीक आहेत का बघ. तोपर्यंत आरसा पलंगाला टेकवून ठेव, पण पायाशी नको, रात्री उठताना ठेच लागते तुला.

तुझी,
आई