कासवाला झोपू न देणाऱ्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

फी तुम्ही घेतली ती तपासणीची. बाकी जे दिलं त्याची पावती फाडायची राहिली होती, म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण आपल्या नागपुरात कासव पाळणारी आणखी घरं असतील आणि तिथेही आमच्या मावशीसारखी कुणीतरी असेलच.

डिसेंबरात आमच्या कासवानं, नानानं, खाणं सोडलं, कोपऱ्यात मान आत ओढून बसला, तेव्हा मावशीचा निकाल तयार होता. "हिवाळ्यात झोपतेतच कासवं. आराम करून राह्यला तो, काहून उठवता त्याले?" घरातल्या बहुतेकांना ते पटलंही होतं. तुम्ही नानाला टेबलावर ठेवलं, नाकपुडीजवळ बुडबुडा दिसतो का ते पाहिलं आणि शांतपणे सांगितलं की हा झोपणाऱ्यातला नाही. युरोपातली, मध्य आशियातली काही कासवं थंडीत महिनोन्‌महिने निजतात. हा सल्काटा जातीचा. याचं मूळ गाव सहाराच्या दक्षिण कडेचा साहेल पट्टा. तिथे तो बीळ खणतो ते उन्हापासून आणि कोरड्या हवेपासून वाचायला. गारठ्यात तो सुस्तावतो तेव्हा त्याची पचनशक्ती बंद पडत असते, खाल्लेलं पोटात तसंच पडून राहतं. वर कासवाला आपल्यासारखं खोकता येत नाही, त्यामुळे छातीत कफ साचला की बाहेर पडणं कठीण. हे ऐकल्यावर मावशीसुद्धा गप्प झाली, आणि ते काही साधं काम नाही.

आपण नागपूरकर उन्हाळ्याच्या गप्पा इतक्या मारतो की थंडी विसरूनच जातो. २९ डिसेंबर २०१८ ला इथे पारा ३.५ अंशांवर उतरला होता. दुपारी गच्चीवर छान ऊन असतं आणि रात्री फरशी बर्फासारखी. नानाची सगळी अडचण त्या रात्रीत होती. तुम्ही विचारलं, "घरी कूलर आहे ना?" मला वाटलं, मॅडम दमल्या असाव्यात. पण माळ्यावर चढवलेल्या कूलरची पेटी तुमच्या मनात होती! मोटर, पंप काढून टाका, एका बाजूची जाळी काढून दार करा, थर्माकोल लावा. पण बाहेरून, कारण आतून लावलं तर तो खाईल. खाली तणस, वर उष्णता देणारा पण उजेड न देणारा सिरॅमिक बल्ब, त्याला लोखंडी जाळीचं कडं आणि थर्मोस्टॅट. गरम दगड किंवा शेकायची पिशवी पोटाखाली अजिबात नको, चटका बसला तरी तो लवकर हलत नाही. विदर्भातल्या प्रत्येक घरात हिवाळाभर एक पेटी रिकामी पडलेली असते, हे कासवाच्या कुठल्या पुस्तकात मिळालं असतं?

दिवसाचं तुम्ही सोपं करून दिलं. बंद खिडकीतलं ऊन कामाचं नाही, कारण ऊब काचेतून येते पण ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण काच अडवते. म्हणून गच्ची, आणि तिथे सावलीचा एक कोपराही. ऊन उतरायच्या आत घरात.

कोमट पाण्यात बसवायचं मात्र मला नवं होतं. कवचावर पिरॅमिडसारखे उंचवटे येतात ते जास्त प्रथिनांमुळे, असं खूप जण सांगतात. पण याच जातीच्या पिल्लांवरच्या, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कोरड्या हवेचा वाटा मोठा निघाला होता, हे तुम्ही सांगितलं. आपल्या थंडीत ओठ फुटतात, त्यात रूम हीटर लावला की हवा आणखीच कोरडी. आता नाना रोज परातीत बसतो आणि बसल्या बसल्या पाणी पितो.

आणि संत्री! डिसेंबरात आमच्या आजीसमोर जो येईल त्याच्या हातात फोड पडते, त्यातून नाना तरी कसा सुटेल? हा गवत खाणारा, फळांच्या साखरेनं त्याच्या आतड्यातल्या जिवाणूंचा मेळ बिघडतो, हे तुम्ही मला सांगितलं. आजीला मात्र एवढंच म्हणालात, "आजी, त्याच्या वाटची मला द्या." आजीनं पिशवीतलं अख्खं संत्रं सोलून तुमच्या हातात ठेवलं. नाना आता हरळी, वाळलेलं गवत आणि जास्वंदीची पानं खातो. तक्रार फक्त आजीची आहे.

तपासण्याआधी तुम्ही कागद मागितले, तेव्हा जरा राग आला होता, खरं सांगतो. परदेशी जाताना भावानं केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर केलेल्या विदेशी प्राण्याच्या नोंदणीसकट नाना आमच्याकडे सोपवला, म्हणून निभावलं. आपल्याकडचं तारा कासव असतं तर तुम्ही थेट वनविभागाला फोन लावला असता, हेही स्पष्ट सांगितलंत. ते कासव घरात ठेवणं गुन्हा आहे हे आमच्या ओळखीत कितीतरी जणांना माहीत नाही. तुमच्यामुळे मी आता सांगत फिरतो.

नाना खातोय, वजन वाढतंय, नाक कोरडं आहे. या जातीचे नर चाळीस किलोंच्या वर जातात असं म्हणालात, त्याचा विचार मी सध्या पुढे ढकलतोय. थर्मोस्टॅटचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, ते पुढच्या खेपेला घ्यावेच लागतील. तेव्हा एक विचारायचंय: मार्च संपता संपता आम्हाला कूलर लागणार आणि नाना तर आता त्यातून बाहेर निघायला तयार नाही. काय करू?

तुमचा,
नानाचा सध्याचा पालक
प्रतापनगर, नागपूर