स्लॅब शाबूत, फॉल्स सीलिंग जमिनीवर

महोदय,
फॉल्स सीलिंग बसवणे हा माझा धंदा. भूकंपात कधी कधी इमारतीला तडाही जात नाही, पण सीलिंग खाली येते. तारांवर लोंबकळणारे ते, हादऱ्याने भिंतीवर आपटते आणि कडेचे सांधे निखळतात. म्हणून लगतच्या दोन भिंतींना ग्रिड, म्हणजे टाइल धरणारी धातूची चौकट, पक्की करून समोरच्या दोन बाजूंना सुमारे 20 मिमी फट सोडावी. ती झाकायला 50 मिमी रुंद अँगल (भिंतीला लावायची काटकोनी पट्टी) लागतो. ग्राहकाला मात्र फट म्हणजे कामचुकारपणा वाटतो! मोठ्या दालनात तिरक्या ताणतारा हव्यातच. जड दिवे सर्रास ग्रिडवर टेकवतात. त्यांना स्लॅबमधून वेगळी तार द्या. आग विझवायला पाणी फवारणाऱ्या स्प्रिंकलरभोवतीही मोकळी जागा ठेवा, नाहीतर सीलिंग हलताच नोझल तुटून सगळीकडे पाणी होते. इमारत तपासणाऱ्यांनी टाइल उचलून वर बघावे.
– एक सीलिंग कारागीर