गुणफलकातल्या उकारासाठी, ताई, मनापासून आभार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

कबड्डी स्पर्धा संपून आठवडा झाला. फोनवर आभार मानायला गेलो, तर "अरे, असू दे" म्हणत तुम्ही विषयच बदललात. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

गावच्या मैदानावरचे सामने यूट्यूबवर लाइव्ह दाखवायचे आणि त्यावर गुणफलक मराठीतच हवा, असा माझा हट्ट होता. ओबीएस या थेट प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये ब्राउझर सोर्स टाकला, म्हणजे व्हिडिओवर वेबपान दाखवायची सोय, १९२० बाय १०८० च्या पारदर्शक पानावर गुणफलकाची पट्टी बसवली आणि आदल्या रात्री तुम्हाला स्क्रीनशॉट पाठवला. तुमचा पहिलाच प्रश्न होता, "पट्टीवर 'गण' का लिहिलंय?"

मी लिहिलं होतं 'गुण'. ओळीची उंची इंग्रजी अक्षरांच्या मापाने ठेवलेली, बाहेर जाईल ते झाकायचं असं सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडमध्ये, सांगितलेलं. त्यात उकार खालून कापला गेला होता. 'निर्णायक चढाई'मधला रफारही अर्धाच उरला होता. अक्षरांमध्ये मी हौसेने जास्तीची जागा सोडली होती, तिने शिरोरेषा तुटत होती. दिवसभर तीच पट्टी बघत बसलो होतो, पण यातलं काहीच माझ्या नजरेला आलं नव्हतं.

मग 'यशस्वी पकड'. पकड झाली की हे शब्द एकेक अक्षर उमटत यायचे, आणि मध्येच ठिपक्यांचं वर्तुळ दिसायचं. तुम्ही दुसऱ्या दिवशी ऑफिस असताना रात्री एक वाजेपर्यंत मला समजावत बसलात: कॉम्प्युटरकडे 'यशस्वी' सहा तुकड्यांत असतं, य, श, स, हलन्त (अक्षराचा पाय मोडणारी खूण), व आणि दीर्घ वेलांटी. माझा कोड तेच सुटे करत होता. शब्दाची अक्षरं पाडायची ब्राउझरची तयार सोय वापरून पाहिली, तर आमच्या ब्राउझरच्या जुन्या आवृत्तीत 'स्' आणि 'वी' वेगळेच पडले. शेवटी तुम्ही स्वतः नियम लिहून दिलात आणि य, श, स्वी अशी तीनच अक्षरं एकामागून एक उमटली. तेव्हा मला खरंच भरून आलं.

फॉन्टही तुम्हीच सुचवलात, मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्त'. आणि फोन उभा धरून, हात लांब करून पट्टी वाचायला लावलीत. ३० सेकंदांच्या चढाईचं घड्याळ मला वाचताच येईना. ते दुप्पट मोठं केलं, म्हणून अंतिम सामन्यात माझी आजी घरी बसून उरलेले सेकंद मोठ्याने मोजत होती.

पट्टीची फाइल आता शेजारच्या दोन गावांनी मागून नेली आहे. तुमच्या नियमाच्या वर तुम्ही लिहिलेली ओळ मी तशीच ठेवली आहे: 'हलन्त आला की पुढचं अक्षर सोबत घे.'

तुमचा,
गुणफलक सांभाळणारा