भाडेवाढ नव्हे, थकबाकीचा सापळा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गिरगावातल्या आमच्या चाळीचा मालक अलीकडे बदलला. नव्या मालकाने पहिल्याच महिन्यात खोलीखोलीला नोटीस धाडली: भाडे बाजारभावाप्रमाणे, म्हणजे जवळजवळ दहापट. शेजारपाजारच्या इमारतींतही हाच प्रकार चालू असल्याचे कळते, म्हणून हे पत्र.

पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन अल्प भाड्याने घेतलेल्या, खोल्यांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 लागू आहे आणि तो 31 मार्च 2000 पासून अमलात आहे. त्याच्या अकराव्या कलमाने मालकाला वर्षाला 4 टक्के भाडेवाढ हक्काने मिळते. महापालिकेचे कर वाढले तर ती वाढ भाडेकरूंकडून घेता येते. सुधारणांच्या खर्चापोटीही काही वाढ मागता येते, पण तिला भाडेकरूंच्या संमतीसह बऱ्याच अटी आहेत. 'बाजारभाव' यात कुठेच बसत नाही. दरमहा 300 रुपये भाडे असेल तर 4 टक्क्यांचे 12 रुपये होतात. ही रक्कम हास्यास्पद आहे, हे मीही मान्य करतो. गोठवलेल्या भाड्यात मालकाने इमारत सांभाळायची कशी, हा प्रश्न खोटा नाही. सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर 1997 मध्ये जुन्या मुंबई भाडे कायद्यातली ही गोठवणूक अवाजवी ठरवली होती. पण त्यानंतर विधिमंडळाने जो कायदा केला, तो हा. तो बदलून हवा असेल तर मालकांनी विधिमंडळाकडे जावे, आमच्या जिन्यात माणसे उभी करू नयेत.

खरी गोम पुढे आहे. भाडे गोळा करणारे मालकाचे मेहताजी जुन्या दराचे पैसे घ्यायला आता तयार नाहीत. "वरून ऑर्डर आहे," एवढेच सांगतात. ज्या दोनतीन घरांनी घाबरून वाढीव पैसे दिले, त्यांना पावती मिळाली ती नव्या छपाईची. तिच्यावर 'भाडे' हा शब्दच नाही, 'कम्पेन्सेशन' आहे, आणि खाली 'हक्क राखून' असा शिक्का. आमच्या समोरच्या आजींनी चष्मा पुसून ती दोनदा वाचली आणि विचारले, "म्हणजे आम्ही भाडेकरू नाही होय रे?" प्रश्न अगदी नेमका होता. मालकाला वाढीव भाडे नकोच आहे. त्याला हवी आहे थकबाकी, म्हणजे घर खाली करायला लावण्याचे निमित्त, नाहीतर भाडेकरूपण सोडल्याचा कागद. कारण पुनर्विकासात रिकाम्या खोलीची किंमत काय होते, हे सर्वांना ठाऊक आहे.

यावर कायद्यात उपाय आहे. प्रमाण भाडे (कायद्याने ठरणारे मूळ भाडे) आणि अनुज्ञेय (कायद्याने मंजूर) वाढ द्यायला भाडेकरू तयार असेल तर थकबाकीच्या कारणावरून त्याला काढता येत नाही. त्यासाठी आधी मागणीची नोटीस लागते आणि ती मिळून 90 दिवस उलटल्याशिवाय दावा लावता येत नाही. म्हणून पैसे थांबवू नयेत. 4 टक्क्यांसह होणारी रक्कम मनीऑर्डरने किंवा चेकने स्पीड पोस्टाने पाठवावी आणि परत आली तर 'नाकारले' असा शेरा असलेला कागद जपून ठेवावा. भाड्याची पावती न देणे दंडनीय आहे. पाणी किंवा वीज तोडणेही तसेच.

वाढीबद्दल वाद असेल तर प्रमाण भाडे ठरवून घेण्यासाठी आठव्या कलमाखाली लघुवाद न्यायालयात अर्ज करता येतो. एकाच इमारतीतले भाडेकरू असा अर्ज मिळून करू शकतात, हे फार थोड्यांना माहीत आहे. मालकाची माणसे नेमकी एकेका घरी, तीही पुरुष कामावर गेल्यावर, येतात. आम्ही आता गच्चीवर बैठक घेऊन एकत्र अर्ज द्यायचे ठरवले आहे. वकिलाची फी वाटून घेतली की माणशी फारशी पडत नाही. (अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवाल्यांना मात्र हे संरक्षण नाही, त्यांनी आपला करारच नीट वाचावा.)

शासनाकडे मागणी एकच: भाडेपावतीवर मूळ भाडे, 4 टक्के वाढ आणि कर हे तीन आकडे वेगवेगळे दाखवणे सक्तीचे करावे. आज सगळे एका आकड्यात कोंबलेले असते आणि हिशेब मागणारा भाडेकरू 'कटकट्या' ठरतो.

आपला,
एक भाडेकरू
गिरगाव, मुंबई