खणाच्या जाकिटासाठी आभार

वहीत पेन्सिलीने काढलेले जाकीट खरोखर अंगावर चढते, याचे नवल अजून ओसरलेले नाही. म्हणूनच ज्यांची नावे मी विचारलीही नाहीत, त्यांचे येथे जाहीर आभार मानते.

कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरील दुकानातील काकांनी कर्नाटकातील गुळेदगुड्डचे खण एकामागून एक उलगडले आणि हे कापड मुळात चोळीसाठी विणले जात असल्याने त्याचा पन्हा, म्हणजे रुंदी, लहान असते, तेव्हा पाठ मधोमध जोडून घ्यावी लागेल, हे कात्री लागण्यापूर्वीच सांगितले. अस्तराचे सुती कापड इचलकरंजीचे. जिथे १९०४ साली पहिला यंत्रमाग आला, त्या गावातील हे कापड विणणाऱ्या कामगारांना मी पाहिलेलेही नाही, त्यांचेही आभार.

सर्वांत मोठे ऋण शिवणकाम करणाऱ्या मावशींचे आहे. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते म्हणून त्यांनी अस्तर आधी भिजवून वाळवायला लावले, खणाचे धागे सुटतात म्हणून शिवणीत नेहमीपेक्षा जास्त माया (शिवणीबाहेरचे जादा कापड) ठेवली, आणि मी चित्रात खिशावर काढलेला काठ बाहीच्या टोकाला नेला, जो तिथेच शोभतो. गळ्याची पट्टी उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरकी, कापली की वळणावर चुण्या पडत नाहीत, हे त्यांनी दाखवल्यावरच मला समजले.

तयार जाकीट याहून स्वस्त मिळाले असते, हे खरे. पण त्यात ही माणसे भेटली नसती. हाताने काजे करून देणाऱ्या आजींनी तर मजुरी घेण्यास नकार दिला. त्यांना पुढचे जाकीट मीच शिवून देणार आहे.